केळंला 'तेळं' म्हणतो, हे बाटलीमुळं झालं का?

पत्र आलंय नागपूरच्या मनीषनगरहून. थोडक्यात असं आहे:

"ताई, मुलगा 3 वर्षं 4 महिन्यांचा आहे. मी मिहानमधल्या एका कंपनीत आहे, तेव्हा कॉन्ट्रॅक्टवर होते म्हणून त्याच्या तिसऱ्या महिन्यातच कामावर जावं लागलं आणि तेव्हापासून बाटली सुरू झाली. आजही झोपताना एक आणि पहाटे एक बाटली लागतेच, टीव्ही बघताना अंगठा तोंडात. बोलतो भरपूर, पण केळंला तेळं, काकाला ताता, गाडीला दाडी, आणि 'स' म्हणताना जीभ दातांच्या बाहेर येते. नर्सरीच्या मॅडम म्हणाल्या क्लियर बोलत नाही. सासूबाई म्हणतात, बाटलीनं जीभ जड झाली त्याची, अंगावर पाजलं असतं तर असं काऊन झालं असतं. नवरा म्हणतो मीही चार वर्षांचा होईपर्यंत असाच बोलायचो, होईल आपोआप. मला आता पाचवा महिना आहे. दुसऱ्या बाळाला बाटली द्यायचीच नाही का? या विचारानं रात्र रात्र झोप लागत नाही."

ताई म्हटलंस म्हणून मी तुला तूच म्हणते. आधी तुझ्या झोपेचं बोलू, बाकीचं नंतर. तिसऱ्या महिन्यात कामावर गेलीस ते हौसेनं गेली नव्हतीस, आणि लेकराचं पोट भरायला जे हाताशी होतं ते दिलंस. 'तेळं' तुझ्या बाटलीनं झालं असं छातीठोकपणे सांगता येईल असा पुरावा कुणाकडेच नाही, सासूबाईंकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. पण बाटलीचा आणि अंगठ्याचा काहीच संबंध नाही असंही मी म्हणणार नाही, कारण तू एका पत्रात दोन वेगवेगळ्या गोष्टी लिहिल्यात आणि घरात सगळे त्या एकच समजून राहिलेत.

पहिली गोष्ट म्हणजे तेळं, ताता, दाडी. आता तू स्वतः जरा हळू 'का' म्हणून बघ, जिभेचा मागचा भाग वर टाळूला लागतो, अन् 'ता' म्हण, जिभेचं टोक पुढं दातांमागं लागतं. लहान मुलांना पुढचे आवाज आधी जमतात, मागचे नंतर, म्हणून दोन-अडीच वर्षांची कितीतरी पोरं क च्या जागी त आणि ग च्या जागी द लावतात. तुझा मुलगा हे अगदी शिस्तीत करतोय बघ, जिथं जिथं क तिथं तिथं त, जिथं ग तिथं द. म्हणजे जीभ जड असण्याचा हा प्रकार नाही, त्यानं डोक्यात आवाजांचा एक सोपा नियम बनवलाय आणि तो अजून सुटला नाहीये. हा नियम बहुतेक मुलांचा साडेतीन वर्षांच्या आसपास सुटतो. तुझा मुलगा त्या उंबरठ्यावरच आहे, फार मागं नाही, पण दुर्लक्ष करावं इतका लहानही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे 'स' म्हणताना बाहेर येणारी जीभ. या वयात हेही बऱ्याच मुलांत दिसतं, पण इथं अंगठ्याचा आणि बाटलीचा विचार करावाच लागतो. अंगठा किंवा निपल रोज तासन्‌तास पुढच्या दातांच्या मधे राहिलं की वरचे दात पुढं ढकलले जातात आणि वरच्या-खालच्या दातांमधे खिडकी राहते, मग जिभेला ती खिडकी मोकळी सापडते अन् गिळताना-बोलताना ती तिथूनच बाहेर डोकावते. आज संध्याकाळी त्याला उजेडात बसव, म्हण, "दाढांनी दाढा दाब आणि मला दात दाखव, ईईई." मागचे दात टेकलेले असताना पुढं जर अंगठा जाईल एवढी फट दिसली, तर ती अंगठ्याचीच खूण समज. घाबरू नको. हे दुधाचे दात आहेत, सवय वेळेत सुटली तर ही फट पुष्कळदा आपोआप भरून येते, कायमचे दात साधारण सहाव्या वर्षी यायला लागतात, म्हणजे हातात वेळ आहे.

आता अभ्यासाचं सांगते, कारण सासूबाईंनी पण कुठंतरी मोबाईलवर वाचलेलं असणार. चिलीमधे, पार खाली पॅटागोनियात, 3 ते 5 वर्षांच्या 128 मुलांचा अभ्यास झाला होता, 2009 मधे छापून आला. त्यात दिसलं की ज्यांना बाटली 9 महिन्यांनंतर लागली त्यांच्यात बोलण्यातल्या उच्चारांचा प्रॉब्लेम कमी होता, आणि जी मुलं बोटं चोखायची किंवा ज्यांची चुसनी 3 वर्षं किंवा त्याहून जास्त चालली त्यांच्यात तो असण्याची शक्यता साधारण तिपटीनं जास्त. ऐकायला भीती वाटते ना? पण पोरं मोजून 128, पाजण्याची माहिती आईबापांनी आठवून फॉर्मवर भरलेली, आणि अशा अभ्यासातून दोन गोष्टी सोबत दिसतात एवढंच कळतं, एकीमुळं दुसरी झाली हे सिद्ध होत नाही. मग 2018 मधे ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला, सिडनीकडच्या 199 मुलांचा, त्यांनी मुद्दाम 'तेळं'सारखी, म्हणजे आवाजांचे नियम चुकणारी मुलं घेतली आणि बाकीच्या मुलांशी ताडून बघितली, तर बाटली, चुसनी, अंगठा, अंगावरचं दूध, कशातच म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, गेलेल्या तीन वर्षांचा हिशेब करत बसू नको. तिसऱ्या महिन्यातली बाटली आता तुझ्या हातात नाही. आज रात्रीची बाटली आणि आज संध्याकाळचा अंगठा मात्र तुझ्या हातात आहे, तो तीन वर्षांच्या पुढं गेलाय आणि आता या सवयी सोडवायच्याच, बोलण्याचं एक वेळ राहू दे, पण दातांसाठी आणि कानांसाठी तरी नक्कीच.

कान म्हटलं म्हणून सांगते, तुझ्या पत्रात कानाचा उल्लेखच नाही आणि मला तोच सगळ्यात आधी हवा होता. आडवं झोपून बाटली पिणाऱ्या मुलांना कानाचं इन्फेक्शन जास्त होतं, कधी कधी कान दुखतही नाही पण पडद्यामागं पाणी साचून राहतं, महिनोन्‌महिने, आणि मग मुलाला सगळं पाण्यात बुडी मारून ऐकल्यासारखं दबकं ऐकू येतं. क आणि त मधला फरक नीट ऐकूच आला नाही तर बोलण्यात कुठून येणार? टीव्हीचा आवाज वाढवायला लावतो का, पाठीमागून हाक मारली तर वळतो का, सारखं "काय?" म्हणतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का, घोरतो का, सर्दी हटतच नाही का, हे आठवडाभर बघ. आणि यातलं काहीच नसलं तरी एकदा ऐकण्याची तपासणी करून घेच. या वयाच्या मुलांची खेळत खेळत ऑडिओमेट्री होते, आणि टिम्पॅनोमेट्री म्हणून दोन मिनिटांची टेस्ट असते जिच्यात पडद्यामागं पाणी आहे का ते कळतं, दुखत अजिबात नाही. उच्चारांसाठी येणाऱ्या प्रत्येक मुलाचे कान आधी बघायचे, माझा हा नियमच आहे.

नवऱ्याला सांग की "मीही असाच बोलायचो" हे वाट बघायचं कारण नाही, उलट लवकर दाखवायचं कारण आहे. बोलण्याचे प्रॉब्लेम घराण्यात चालतात, बापाला होता तर मुलाला असण्याची शक्यता वाढते. त्याचं आपोआप सुटलं ही आनंदाची गोष्ट, पण सगळ्यांचं सुटत नाही, आणि नर्सरीत पोरं चिडवायला लागली की बोलकं पोरगंही गप्प बसायला लागतं. तो भरपूर बोलतो असं तू लिहिलंस ना, ते टिकवायचंय आपल्याला.

सासूबाईंशी भांडू नको बाई. त्यांचं नातवावर प्रेम आहे, त्यांना फक्त दोष द्यायला कुणीतरी हवंय आणि तू समोर आहेस. त्यांना सोबत घेऊन जा तपासणीला, तिसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलं की पटतं. फक्त जिभेला वेखंड घासणं, पोपटानं उष्टावलेला पेरू खाऊ घालणं, जिभेखालची शीर कापून आणणं, यातलं काही कुणी सुचवलं तर नाही म्हण. वेखंडानं उच्चार सुधारत नाही, उष्ट्या फळानं पोट बिघडेल, आणि जिभेखालचा पडदा खरंच आखूड आहे का ते डॉक्टरांनी बघून ठरवायचं, क चा त होण्याचं ते कारण नसतं. क म्हणायला टोक उचलावंच लागत नाही ना.

आता बाटली सोडवायची कशी. एकदम फेकून देणाऱ्या आया आहेत आणि तीन-चार रात्रींच्या रडारडीत काम होतंही, पण तुला पाचवा महिना आहे, झोप आधीच नाही, म्हणून मी तुला हळूचा रस्ता सांगते. आधी पहाटेची काढ, कारण पहाटे तो अर्धा झोपेत पितो, ते दूध दातांवर तसंच राहतं, झोपेत लाळ कमी सुटते आणि पुढचे वरचे दात किडतात. त्या बाटलीत दर दोन दिवसांनी दूध थोडं कमी आणि पाणी थोडं जास्त करत जा, आठ-दहा दिवसांत नुसतं पाणी उरेल आणि नुसत्या पाण्यासाठी फार कमी पोरं उठतात. मग रात्रीची. जेवण झाल्यावर छोट्या स्टीलच्या ग्लासात दूध, खाली बसून, लाइट चालू असताना, मग ब्रश, मग गोष्ट, मग झोप, हा क्रम मोडू नको. ग्लास त्यालाच निवडू दे, इतवारीत नेऊन भांड्यांच्या दुकानात त्याच्याच हातानं घ्यायला लाव, स्वतःचा ग्लास म्हटलं की पोरांना अप्रूप असतं. दूध कमी प्यायला तर जीव खालीवर करू नको, या वयात दिवसाला अर्धा लिटरच्या आत दूध पुरतं, जास्त दुधानं भूक मरते आणि रक्त कमी होतं. दही, वरण, अंडं चालत असेल तर अंडं, हे आहेच. आणि एक, नळीच्या सिपरनं बाटलीची जागा घेऊ देऊ नको, नाहीतर एक सोडवून दुसरं लागायचं. तुझी डिलिव्हरी व्हायच्या आत, निदान दोन महिने आधी हे सगळं उरकून घे, कारण बाळ आल्यावर मोठ्या पोराला पुन्हा लहान व्हावंसं वाटतं आणि तेव्हा बाटली काढून घेतली तर त्याला वाटेल बाळाला द्यायला आपली काढली.

अंगठा जास्त चिवट. तो कुठं ठेवून देता येत नाही. मिरची लावणं, कडूनिंबाचा रस, चिकटपट्टी, पाहुण्यांसमोर "शी शी, एवढा मोठा झाला अन्" हे सगळं बंद, मुलाला लाज वाटली की तो लपून चोखतो, सुटत नाही. तू स्वतःच लिहिलंस की टीव्ही बघताना चोखतो, म्हणजे हात रिकामे आणि डोकं गुंग असलं की अंगठा तोंडात जातो. मग टीव्ही कमी कर, या वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन असं जागतिक आरोग्य संघटनेचं 2019 चं म्हणणं आहे, आणि तो एक तासही हातात काहीतरी देऊन, कणकेचा गोळा दे, मटाराच्या शेंगा सोलायला दे, संत्रं दे सोलायला, आपल्याकडं तर सीझनमधे ढीग पडलेला असतो, फोडीतल्या बिया तेवढ्या काढायला बस त्याच्याजवळ. अंगठा न चोखता गोष्ट ऐकली की कॅलेंडरवर एक टिकली चिकटवू दे त्यालाच. चोखताना दिसला की काही न बोलता हातात वस्तू दे. झोपेत जातोच तोंडात, तो सगळ्यात शेवटी सुटतो, त्याच्यासाठी रागवू नको.

आणि बोलण्याचं. "क म्हण, क, क, केळं म्हण, नाही, परत म्हण" हे घरात चालू असणार, मला न सांगता कळतं. ते आजपासून बंद कर, आजी-आजोबांनाही सांग. त्याला क आणि त मधला फरक ऐकू येत नसेल किंवा जीभ मागं नेता येत नसेल तर शंभरदा म्हटलं तरी तेळंच येणार आणि वर खायची इच्छा जाणार. त्याऐवजी असं कर. तो म्हणाला, "आई, तेळं." तू म्हण, "केळं पाहिजे? हे घे केळं. पिकलंय ना केळं? केळ्याचं साल कुठं टाकशील?" म्हणजे त्याला न टोकता त्याच्या कानावर चार वेळा बरोबर शब्द पडला, केळं हातात आलं, आणि संवाद पुढं गेला. चेहरा त्याच्या समोर ठेव, तुझं तोंड त्याला दिसू दे, स्वयंपाकघरातून पाठमोरी ओरडू नको. रोज पंधरा मिनिटं एवढं केलंस तरी पुष्कळ. फुगे फुगवणं, शिट्टी वाजवणं, जीभ बाहेर काढून फिरवणं असले व्यायाम कुणी सांगितले तर मजा म्हणून कर, क त्यानं येणार नाही, क हा क म्हणूनच येतो.

घरात मराठी, शेजारी हिंदी, नर्सरीत इंग्लिश, म्हणून गोंधळला असं कुणी म्हणेल, नागपुरात तर हमखास म्हणतात. मुलं दोन-तीन भाषा आरामात सांभाळतात, त्यानं उच्चार बिघडत नाहीत. मराठी बंद करून नुसतं इंग्लिश बोला असा सल्ला कुणी दिला तर तो कृपा करून मानू नको.

दुसऱ्या बाळाचं विचारलंस. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नाही, आणि पुढं दोन वर्षं किंवा जास्त वरच्या खाण्यासोबत अंगावरचं चालू, हे सगळे डॉक्टर सांगतीलच, आणि जमेल तितकं कर. या वेळी 26 आठवड्यांची पगारी रजा मागून घे, 2017 पासून कायद्यात आहे ती, डिलिव्हरीच्या आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असलं की मिळते, कॉन्ट्रॅक्टवर असलीस तरी विचार. कंपनीत 50 किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोयही त्यांनी करायची असते आणि दिवसातून चार वेळा बाळाकडं जाऊ द्यायचं असतं, एचआरला आत्ताच लेखी विचारून ठेव, आठव्या महिन्यात धावपळ नको. कामावर परत गेलीस की दूध काढून ठेवता येतं आणि ते वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्यानं, पाजता येतं, आपल्या आज्या तेच वापरायच्या, तुझ्या सासूबाईंना नक्की येतं, त्यांच्याकडूनच शीक, त्यांनाही बरं वाटेल. आपल्याकडच्या मे महिन्यात मात्र काढलेलं दूध बाहेर ठेवू नको, लगेच फ्रिजमधे. आणि एवढं सगळं करूनही कधी बाटली द्यावीच लागली तर दे. बाळाला मांडीवर, डोकं वर धरून दे, पाळण्यात उशीला टेकवून देऊ नको, पिणं झालं की बाटली काढ, आणि वर्षाचं व्हायच्या सुमाराला ग्लासवर आण. बाटली लागली म्हणून पोरगं बोबडं होत नाही.

जायचं कुठं? मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, किंवा मिहानमधल्या एम्सच्या कान-नाक-घसा ओपीडीत कान तपासून घे, एम्स तर तुला ऑफिसपासून जवळ पडेल. दातांसाठी मेडिकलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं लहान मुलांच्या दातांचा विभाग वेगळा आहे. स्पीच थेरपिस्ट प्रायव्हेट बघणार असशील तर भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन आहे का ते सरळ विचार, खरा माणूस रागावत नाही. साडेतीन पूर्ण होईपर्यंत थांबू का असं विचारशील तर नको थांबू, बापाची हिस्ट्री आहे, दोन सवयी चालू आहेत, अपॉइंटमेंट आत्ताच घे. कदाचित थेरपिस्ट म्हणेल अजून तीन महिने बघू, तरी मोकळ्या मनानं बघशील. पण चार वर्षांच्या मुलाचं बोलणं घराबाहेरच्या माणसाला जवळपास सगळं कळायला हवं, तोपर्यंत तसं झालं नाही तर आठवड्याला एक सेशन तरी सुरू झालेलं असायला पाहिजे.

जायच्या आधी मोबाईलवर त्याचे दोन-तीन व्हिडिओ काढून ठेव, खेळताना, जेवताना, आजीशी गप्पा मारताना, कारण नव्या जागी पोरं तोंडच उघडत नाहीत. सोबत कान किती वेळा दुखला, बाटली-अंगठा दिवसातून कधी कधी, घरात आणखी कोण उशिरा किंवा बोबडं बोलायचं, हे कागदावर लिहून ने. नवऱ्यालाही ने, त्याच्या लहानपणाचं त्याची आईच नीट सांगेल, म्हणून सासूबाई पण हव्यातच.